मेंदूचा पांढरा भाग आणि विसराळूपणा



देवळाच्या सभामंडपात वैद्यकावर बोलण्याचा प्रसंग मला प्रथमच येत आहे; पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. माझ्या चुलत्यांनी देवस्थानचा जमाखर्च कित्येक वर्षे सांभाळला. पुढे त्यांना बेरजेला वेळ लागू लागला, हातचा राहून जाई, पाऊल आखूड पडू लागले. नाव आठवत नसे. पहिले अक्षर सुचविले की चटकन सांगत. ‘वय झाले’ म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. मी डॉक्टर असूनही त्यांचा रक्तदाब नियमाने पाहिला नाही, ही खंत मी लपवीत नाही.

मेंदूच्या बाहेरील करड्या थरात पेशी असतात. आतील पांढरा भाग म्हणजे मुख्यतः त्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्या. तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टण असते. त्यामुळे संदेश वेगाने जातो, आणि रंग पांढरा दिसतो तोही त्यामुळेच. या खोल भागाला अतिशय बारीक धमन्या रक्त पुरवितात. वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, रक्त अपुरे पडते, वेष्टण झिजते. एम. आर. आय. चित्रात तेथे शुभ्र डाग दिसतात. उतारवयात थोडे डाग बहुतेकांना असतातच. त्यांची धास्ती नको. ते पसरून एकमेकांत मिसळले, तर मात्र विचार मंदावतो. आठवण पुसलेली नसते, तिच्याकडे जाणारी वाट बिकट झालेली असते. म्हणूनच सुचविले की आठवते. अल्झायमरच्या विकारात सुचवूनही बहुधा उपयोग होत नाही. अर्थात दोन्ही विकार एकाच माणसात नांदतात, हेही वारंवार आढळते.

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या ऑटो बिन्स्वांगर यांनी या झिजेचे वर्णन १८९४ सालीच केले होते. उपायाचा पुरावा मात्र फार उशिरा आला. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ अभ्यासात पन्नाशीपुढील, रक्तदाब वाढलेल्या ९,३६१ व्यक्ती होत्या. काहींचा वरचा दाब १२० च्या खाली, इतरांचा १४० च्या खाली ठेवण्याचे ठरले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्या गटात स्मृतिभ्रंशापूर्वीचा सौम्य ऱ्हास सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला, डागांची वाढही मंदावली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट निर्णायक ठरली नाही, हे सांगितलेच पाहिजे. शिवाय १२० हा आकडा सर्वांना मानवत नाही. वृद्धांना घेरी येऊ शकते. औषध आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

देवस्थान समितीला माझी एक विनंती आहे. येत्या जत्रेला अग्रशाळेत रक्तदाब मोजण्यासाठी एक टेबल मांडावे. यंत्र मी आणीन.