पटावरचे नाव आणि घरातले मूल



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही आले ते कारखान्याच्या दाराशी, जुन्या बाजारात घेतलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून, आणि खरे सांगायचे तर मालकांच्या वकिलांकडून. तेव्हा आजचा विषय मुलांच्या शिक्षणाचा असला तरी मी तो कामगार चळवळीच्या भाषेतच मांडणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्यांची समज सावकाश वाढते किंवा जी आपल्याच नादात असतात, अशा मुलांना सरकारी कागदांत ‘विशेष गरजा असणारी मुले’ म्हणतात. शब्द सभ्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या महापालिकेची स्थापना 1992 साली झाली. तिने 2007 साली वाशीला अशा मुलांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवा सुविधा केंद्र उघडले. नगरपालिका-महापालिका एरव्ही हे काम धर्मादाय संस्थांवर सोडून मोकळ्या होतात, हे लक्षात घेता ही गोष्ट मोठी आहे. पण केंद्र कितीही चांगले असले तरी ही मुले दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभागांत राहतात, आणि त्यांतली पुष्कळशी साध्या शाळांच्या पटावर आहेत. तेथे काय चालते हे पाहायचे कोणी?

एक हकीकत सांगतो. तुर्भ्याच्या बाजारात रात्रपाळीला गोणी वाहणारा आमचा एक माथाडी. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा, बोलणे अडखळते, पण गाण्याची एक ओळ ऐकली की दिवसभर म्हणत बसतो. मुलगा घरीच. शाळेत का नाही, विचारले, तर बाई म्हणाल्या, “नाव आहे की शाळेत!” मी त्यांना घेऊन शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगणार नाही. कारण अशी ती एकटीच नसावी. पटावर नाव होते, आणि त्यापुढे लिहिले होते ‘गृहाधारित शिक्षण’. आईची सही होती. घरी शिकवायला शिक्षक वर्षात दोनदा आले होते.

मंडळी, मला एकदम ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे बंद पडलेले कारखाने आठवले. तेथेही आमच्या माणसांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर अशाच सह्या केल्या होत्या. स्वेच्छा कोणाची होती, हे मात्र कोणी विचारले नाही.

कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. घरी शिकण्याचा पर्याय त्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला दिला, आणि तोही त्याचा हक्क म्हणून. शाळेची सोय म्हणून नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांची शाळांतून दर पाच वर्षांनी पाहणी करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विशेष शिक्षकांचे प्रमाणही घालून दिले : प्राथमिक वर्गांत दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांत पंधरांमागे एक. आता हे विशेष शिक्षक आपल्या राज्यात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले. ज्याची नोकरी पुढच्या जूनपर्यंतच आहे तो वरिष्ठांना उणे दाखवणार कसा? कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही.

तक्रार करायची तर बत्तिसावे कलम आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे द्यावी, त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करावे. यात एक मेख आहे. शाळा चालवणारे जे प्राधिकरण, तक्रार ऐकणारेही तेच. मुकादमाविरुद्धची फिर्याद मुकादमाच्याच कचेरीत!

म्हणून मी एकविसाव्या कलमाकडे वळतो. त्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा. 2012 पासून अपंग मुले या घटकात मोडतात. समितीने शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचे आहे. अनुदानित खाजगी शाळांत ती केवळ सल्ला देते आणि विनाअनुदानित शाळांना ती लागूच नाही, ही उणीव आहेच. तरी सरकारी आणि पालिकेच्या शाळांत हे हत्यार हाती आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळावर मालकांइतक्याच जागा कामगारांना दिल्या, तेव्हाही लोक म्हणाले होते की पाठीवर गोणी वाहणारा तेथे बसून काय बोलणार? बोलला तो, आणि आपल्या मजुरीबद्दल व भविष्यनिर्वाह निधीबद्दलच बोलला.

येथे माझी कबुली देणे भाग आहे. तीस वर्षे मी मागणीपत्रके लिहिली. बोनस, गणवेश, उपाहारगृहातल्या चहाचा दर, सगळे लिहिले. अशा मुलाच्या आईबापांना समितीच्या बैठकीसाठी दोन तासांची भरपगारी सुटी मिळावी, ही ओळ एकदाही लिहिली नाही. ज्या सभासदांच्या घरी अशी मुले होती त्यांनी कधी मागितले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही.

त्या बाईंनी ‘गृहाधारित’ नको, असा अर्ज दिला. त्यासाठी एका कचेरीत पाच खेपा झाल्या. मुलगा आता रोज चार तास वर्गात बसतो. बाई यंदा समितीवर आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, या मुलांसाठी बांधलेल्या संडासाला कुलूप का? इतिवृत्तात लिहिले गेले, ‘स्वच्छतेविषयी चर्चा झाली.’ पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवल्यावर त्यांनी ते वाक्य खोडायला लावले आणि आपला प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. तोवर सही केली नाही. किल्ली आता वर्गशिक्षिकेकडे असते.