पहारेकऱ्याला ठाऊक नसलेली परवली

हैदराबादच्या पश्चिमेस गोवळकोंड्याचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाच्या वेढ्यापुढे तो सुमारे आठ महिने टिकला. तोफा चालल्या, सुरुंग लावले गेले. तरी किल्ला हाती येईना. अखेर १६८७ च्या सप्टेंबरात आतल्याच एका अधिकाऱ्याने लाच घेऊन रात्री दरवाजा उघडून दिला आणि कुतुबशाही संपली. तट कितीही भक्कम असला तरी आतल्या माणसाच्या हाती सारे रहस्य असेल, तर तटाचा उपयोग मर्यादितच राहतो.

त्याच हैदराबादेत १९९८ साली सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिली आणि तिच्या भोवती हायटेक सिटी वाढली. मराठवाड्यातून व इतर प्रांतांतून आलेले हजारो तरुण तेथे संगणकाचे कार्यक्रम लिहितात. बँक, शाळा, दुकान, दवाखाना यांच्या संकेतस्थळांवर ग्राहकाला ओळखण्यासाठी जो पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, विचारला जातो, तो सांभाळण्याचे काम यांच्याच हाती असते. तो कसा सांभाळावा?

सर्वांत सोपी रीत म्हणजे नावांपुढे शब्द लिहून एक यादी ठेवणे. या रीतीतील धोका फार पूर्वीच दिसून आला. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि दिवसाची सूचना दिसावयाच्या जागी सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या पुढ्यात उमटले. तेथे कोणी चोर नव्हता. केवळ यादी अस्तित्वात होती, एवढे पुरे झाले.

मग पहारेकऱ्याला शब्द ठाऊक नसतानाही तो पारखता येईल काय? केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात याचे उत्तर दिले. शब्द ठेवूच नये. त्याचे गणिती पीठ करून तेवढेच ठेवावे. या पिठाला हॅश म्हणतात. जात्यात ज्वारी घातली की पीठ पडते. पिठावरून दाणे पुन्हा जुळविता येत नाहीत. या गणिती जात्याचा विशेष असा की, त्याच शब्दाचे दरवेळी तेच पीठ निघते आणि एक अक्षर बदलले तर अगदी निराळे. मनुष्य दाराशी आला की त्याने दिलेला शब्द पुन्हा दळावयाचा आणि दोन्ही पिठे ताडून पाहावयाची. जुळली तर आत, नाही तर बाहेर.

परंतु एवढ्याने भागत नाही. दोघांनी एकच शब्द निवडला तर दोघांचे पीठही एकच निघते. चोर शब्दकोशातील सारे शब्द आधीच दळून ठेवतो आणि यादी हाती पडताच जुळवीत बसतो. यावर उपाय म्हणून प्रत्येकाच्या शब्दात दळण्यापूर्वी चिमूटभर मीठ टाकतात. इंग्रजीतही त्याला सॉल्टच म्हणतात. हे मीठ म्हणजे संगणकाने यदृच्छेने काढलेली, प्रत्येकासाठी वेगळी अक्षरे होत. ती पिठाशेजारी उघड ठेवली तरी चालतात. कारण प्रत्येक माणसासाठी चोराला दळण नव्याने मांडावे लागते. २०१२ साली लिंक्डइन या प्रसिद्ध संकेतस्थळावरून सुमारे ६५ लाख हॅश बाहेर पडले. त्यांत मीठ नव्हते, म्हणून त्यांपैकी पुष्कळ लवकरच उलगडले.

तिसरी गोष्ट वेगाची. इतर कामांत जलद यंत्र चांगले. येथे मात्र जाते मुद्दाम जड हवे. साध्या हॅशचे अब्जावधी अंदाज आजचे यंत्र एका सेकंदात करून पाहते. म्हणून १९९९ साली प्रोव्होस आणि माझिएर यांनी बीक्रिप्ट ही रीत मांडली. तिच्यातील एक आकडा एकाने वाढविला की श्रम दुप्पट होतात. २०१५ साली एका जागतिक स्पर्धेत आर्गॉन२ ही रीत पहिली आली. ती वेळेबरोबर संगणकाची स्मृतीही भरपूर खाते. खऱ्या ग्राहकाला अर्ध्या क्षणाचा विलंब जाणवत नाही. कोट्यवधी अंदाज करणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. अशा पारखलेल्या रीती तयार असताना घरचे जाते घडविण्याचा मोह तरुणांनी टाळावा.

हे सारे मोठ्या कंपन्यांपुरतेच आहे, असे कोणी समजू नये. २०२४ साली तेलंगण पोलिसांच्या ‘हॉक आय’ या ॲपमधील नागरिकांची माहिती चोरीस गेली आणि जूनमध्ये एका तरुण विद्यार्थ्यास अटक झाली. प्रत्यक्ष पोलिसांचे कोठार फुटू शकते, तर शाळेचे वा पतपेढीचे फुटणार नाही, हे कोणी सांगावे? आणि सामान्य माणूस एकच शब्द दहा ठिकाणी वापरतो. लहान दुकानातून चोरलेली किल्ली मग त्याच्या बँकेच्या कुलपाला लावून पाहिली जाते. निष्काळजीपणा एकाचा, आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अशा हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती यामुळेच.

तथापि सारा भार कार्यक्रम लिहिणाऱ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. १९७९ साली मॉरिस व थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतील २,८३१ सहज ओळखण्याजोगे निघाले. मुलाचे नाव किंवा एक ते सहा आकडे कितीही मीठ घालून दळले, तरी चोर पहिल्या काही अंदाजांतच तेथे पोहोचतो. शब्द लांब असावा आणि प्रत्येक ठिकाणी निराळा असावा.

श्रोत्यांना एक परीक्षा सहज करता येईल. पासवर्ड विसरला असे कळविल्यावर जे संकेतस्थळ जुनाच शब्द पत्राने परत धाडते, त्याने तो जपून लिहून ठेवला आहे, हे उघड होय. प्रामाणिक पहारेकरी जुना शब्द सांगूच शकत नाही. तो फक्त नवा ठरवावयास सांगतो. त्याचे हे अज्ञान हीच ग्राहकाची सुरक्षितता.