घरपोच माल आणि आपला बाजार
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सोनपेठच्या बाजारात वडिलांच्या मशीनशेजारी बसून मी काजे-बटण शिकलो. दिवाळीपूर्वी महिनाभर आमच्या घरचा दिवा मध्यरात्रीपर्यंत मालवत नसे. गेल्या दिवाळीत मात्र आमचे मशीन दुपारीच थांबे, आणि समोरून घरपोच पुडे वाटणारा मुलगा दिवसातून दोनदा जाई. त्यांतील एक पुडा माझ्याच घरी उतरला, हे सांगताना संकोच वाटतो. तेव्हा केवळ इतरांस दोष देण्याकरिता मी येथे उभा नाही.

फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकविक्रीपासून आरंभ केला. २०१३ साली अ‍ॅमेझॉन भारतात आले. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि २०२० च्या टाळेबंदीने लोकांना या खरेदीची सवय लावली. तिचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पुस्तकासाठी परभणी गाठावी लागे, ते आज खेड्यातील मुलीच्या हाती पडते.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. वस्तू व सेवा करातील राज्याचा वाटा माल जेथे वापरला जातो त्या राज्यास मिळतो. म्हणून महाराष्ट्राचा कर बुडत नाही. बुडते ते गावातले फिरते चलन. कापडदुकानात दिलेला रुपया शिंप्याकडे, हमालाकडे, चहावाल्याकडे फिरून पुन्हा बाजारातच येतो. पुड्यासाठी दिलेल्या रुपयातून वाटणाऱ्याची मजुरी तेवढी गावात राहते. शिवाय कापूस-सोयाबीन विकले जाईपर्यंत ओळखीवर थांबणारा दुकानदार एकदा उठला, की अडल्या शेतकऱ्याने कोणाचे दार ठोठवावे?

मग उपाय काय? बहिष्काराने काळ थांबत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान विक्रेत्यास, जीएसटीची पूर्ण नोंदणी न करता, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्यांतर्गत माल या मंचांवर विकता येतो. आपल्या तरुणांनी ही वाट चोखाळावी. जाणत्या मुलांनी वडीलधाऱ्यांस अर्ज भरून द्यावेत. भगिनींनी शिवलेली परकर-पोलकी, कुंच्या, दुपटी पुण्या-मुंबईच्या घरी का पोहोचू नयेत? आणि अंगाचे माप घेऊन बेतणारा हात कोणत्याही पुड्यात येत नाही, हे आपले भांडवल विसरू नये.

माझ्या घरी आलेला तो सदरा खांद्यात सैल निघाला. तो मीच उसवून बेतशीर केला. मुलगा शेजारी बसून पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या दोन मित्रांचे सदरे आणून माझ्यापुढे ठेवले. मशीन पुन्हा संध्याकाळपर्यंत चालले.