इंडोनेशियात काय पाहावे?



आपल्याकडचा प्रवासी इंडोनेशियाला निघाला, की आपण आपलेच हरवलेले सामान मोजून घ्यायला चाललो आहोत, असे त्याला वाटत असते. हे देऊळ आमचे, ही रामकथा आमची, हा शब्द तर शुद्ध संस्कृत! मीही असाच गेलो होतो. त्या देशाने माझा हा ताठा कसा उतरवला, तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम देशाचा आवाका ध्यानात घ्या. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेली १७,००० च्या वर बेटे, आणि ७०० हून अधिक भाषा. बहुसंख्य लोक मुसलमान. बालीत हिंदू, तर पूर्वेकडच्या कित्येक बेटांवर ख्रिस्ती. पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक धर्माने मुसलमान, पण त्यांच्यात कुळाचे घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते! तेव्हा बालीत चार दिवस काढून 'इंडोनेशिया पाहिला' म्हणणे, हे गोव्यात चार दिवस राहून 'हिंदुस्थान पाहिला' म्हणण्यासारखेच आहे.

मध्य जावात बोरोबुदूर आहे. नवव्या शतकातले हे भव्य बौद्ध स्मारक. खाली चौकोनी मजले, त्यांच्या भिंतींवर शिल्पपटांच्या रांगा, आणि माथ्यावर तीन गोल चौथऱ्यांवर ७२ जाळीदार स्तूप. बुद्धचरित्रातले प्रसंग ओळखण्यात मी गुंग होतो. एवढ्यात वाटाड्याने एका जहाजाच्या शिल्पाकडे बोट दाखवले. जहाज कलंडू नये म्हणून बाजूला लाकडी आधार बांधलेले होते. ही बांधणी त्या द्वीपांतल्या खलाशांची. त्या शिल्पावरून बांधलेले एक जहाज २००३ साली जाकार्ताहून निघाले आणि २००४ साली आफ्रिकेतल्या घानापर्यंत जाऊन पोचले. म्हणजे ही माणसे किनाऱ्यावर बसून कोणी संस्कृती आणून देईल म्हणून वाट पाहत नव्हती. समुद्र त्यांच्याही पायाखालचा होता.

योग्याकार्ताला एका रात्री चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. याला 'वायांग' म्हणतात. दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या हलतात. सगळ्या बाहुल्या नाचवणारा आणि सगळ्यांचे आवाज काढणारा माणूस एकच. पूर्ण खेळ पहाटेपर्यंत चालतो. कथा महाभारताची. अर्जुन आला, भीम आला, आणि मी मनातल्या मनात मालकी सांगू लागलो. इतक्यात एक ढेरपोट्या गडी पडद्यावर आला आणि सारी मंडळी खुलली. तो सेमार. व्यासांच्या महाभारतात हा नाही. जावातल्या समजुतीप्रमाणे तो गड्याच्या रूपातला देवच आहे, आणि राजपुत्रांनाही त्याचे ऐकावे लागते.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, मुसलमान. मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले, "ही कथा आमच्या देशातली." ते कौतुकाने म्हणाले, "असे का? मग तुमच्याकडे सेमारचे काम कोण करतो?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्याकडे सेमार नाहीच! कथेचे बी आपल्याकडून गेले असेल. झाड मात्र त्यांच्या मातीत, त्यांच्या पाण्यावर वाढले आहे. त्याची फळे आपली म्हणून मोजायला गेलो, तर त्यांची चव घ्यायची राहून जाते.

शेवटी बालीतली एक गोष्ट. तिथेही शक चालतो, आणि आकडाही आपलाच. २०२५ साली त्यांचा नववर्षदिन २९ मार्चला आला, आपला पाडवा ३० मार्चला. दोन्हीकडे शके १९४७ सुरू झाला. आपण गुढी उभारतो, गोडधोड करतो. बालीत त्या दिवशी, 'न्येपी'ला, विस्तव नाही, काम नाही, करमणूक नाही, घराबाहेर पडणे नाही. विमानतळसुद्धा दिवसभर बंद! परदेशी पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते. पैसे मोजून आलेल्या प्रवाशाला त्या दिवशी पाहण्याजोगे काही मिळत नाही, म्हणून कित्येक जण कुरकुरतात. मला मात्र वाटते, शक्य असेल त्याने तो दिवस साधूनच जावे. आपण या घरचे मालक नाही, पाहुणे आहोत, हे त्या शांततेत आपोआप उमगते. आणि पाहुण्यासारखे वागता आले, तरच यजमानाचे घर खरे दिसते.