हरवलेल्या थापांचा पत्ता



माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पोटासाठी पोस्टातली नोकरी आणि जिवासाठी कविता, असा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे मी आज संगणकातल्या ढोलकीविषयी बोलणार आहे, हे ऐकून आमच्या घरातच पहिल्यांदा हशा पिकला. पण २०२३ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडलं त्यात संगणकाइतकंच पोस्टाचंही काम होतं, म्हणून धाडस करतो.

माझा धाकटा मुलगा गाण्यांना चाली लावतो. त्याच्याकडे संगणकात तालवाद्यं वाजवणारं एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर आडव्या रेघा असतात, त्यावर ठिपके मांडायचे. एक ठिपका म्हणजे एक थाप. बटण दाबलं की ड्रम वाजतो, ढोलकी वाजते, अगदी समोर कुणी बसून वाजवावी तशी. आवाज खराच असतो, कारण कुणीतरी कधीतरी वाद्यावर केलेला तो आघात ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. हलका आघात वेगळा, जोराचा वेगळा. शिवाय एकाच जोराचे चार-पाच नमुने, म्हणजे तीच ती थाप यंत्रासारखी ऐकू येऊ नये.

२०१६ साली मुलाच्या मनात आलं, की विकतचे आवाज सगळेच वापरतात, आपण मामूंची ढोलकी त्यात घालावी. मामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ. उभी हयात तमाशाच्या फडांत ढोलकी वाजवण्यात गेली. तेव्हा सत्तरी ओलांडली होती, पण हात शाबूत होता. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि मामू घामाघूम होऊन एकेक थाप देत बसले. नऊ प्रकारच्या थापा, प्रत्येकीचे तीन जोर, प्रत्येक जोराचे चार नमुने. हिशेब एकशेआठवर आला. मामू म्हणाले, "एकशेआठ? मग माळच झाली की रं!"

त्यांच्या डाव्या हातात तांब्याची अंगठी होती. घुमाऱ्याची थाप दिली की ती कडेला किंचित लागायची आणि 'टक्' असा बारीक आवाज यायचा. मुलगा म्हणाला, "मामू, अंगठी काढता का?" मामूंनी सुजलेलं बोट पुढं केलं. "ही आता माझ्याबरोबरच निघंल." तसंच झालं. २०१८ च्या पावसाळ्यात मामू गेले.

आता २०२३ कडे येतो. माझ्या एका गीताला मुलानं पूर्वी चाल लावली होती, ढोलकी अर्थातच मामूंची. एका कार्यक्रमासाठी त्याचं जरा लांबवलेलं रूप हवं होतं. मधल्या काळात मुलानं नवा संगणक घेतला होता. त्यानं गाणं उघडलं आणि पडद्यावर लाल चौकट आली: ध्वनिसंग्रह सापडत नाही. बटण दाबलं. गाणारीचा आवाज आला, पेटी आली, ठिपके एकामागून एक सरकत गेले. ढोलकीच्या जागी मात्र नुसती शांतता.

मुलानं जाणत्या मित्राला फोन केला. त्यानं ठरलेलं उत्तर दिलं: सॉफ्टवेअर काढून टाक आणि पुन्हा घाल. रात्रभर डाउनलोड चाललं. सकाळी विकतचे ड्रम वाजायला लागले. मामू नाहीत. मुलगा म्हणाला, "अब्बा, मामूंचे आवाज गेले. विकतची ढोलकी लावू का?" लावली. ताल बिनचूक होता. आम्ही दोघांनी ऐकलं आणि दोघंही गप्प बसलो.

इथं मला पोस्ट आठवलं. पत्र पोचलं नाही म्हणजे माणूस मेला, असं आम्ही कधी समजत नाही. पत्र परत येतं तेव्हा त्यावर शेरा असतो. 'पत्ता सोडून गेले' हा एक शेरा, 'या नावाचे कोणी नाही' हा दुसरा, 'पत्ता अपुरा' हा तिसरा. शेरा वाचल्याशिवाय पुढची हालचाल करता येत नाही. मी मुलाला विचारलं, "त्या लाल चौकटीत पत्ता काय लिहिलाय?" तो म्हणाला, "तो कोण वाचतो?" मी म्हटलं, "मी वाचतो. मला त्याचाच पगार मिळतो."

हा सगळा घोळ का होतो, हे मला मुलानंच नंतर समजावलं. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ नावाचं यंत्र बाजारात आणलं. खऱ्या ड्रमचे डिजिटल पद्धतीनं ध्वनिमुद्रित केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रांत ते पहिलं. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी महाग होती, की लांब घुमणारी मोठी झांज त्यात घातलीच नव्हती. पण जे आवाज होते ते यंत्राच्या पोटातल्या चिपांवर होते, त्यामुळे ते पत्ता सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढं १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत आली. मिडीत आवाज नसतोच, फक्त हुकूम असतो: अमुक थाप, अमुक क्षणी, एक ते एकशेसत्तावीसपैकी इतक्या जोरानं. आजच्या सॉफ्टवेअरात हुकूम एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, अशी वाटणी आहे. कार्यक्रम छोटासा, पण आवाजांचा संग्रह कित्येक गीगाबाइटचा. म्हणून तो बहुतेक जण वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतात. गाण्याच्या फाइलीत राहतात ते हुकूम आणि आवाजाचा पत्ता. आवाज जागेवरून हलला की पत्ता खोटा पडतो. 'सापडत नाही' याचा अर्थ एवढाच, की मला माहीत असलेल्या घरी तो नाही.

तर आम्ही यादी काढली. एकशेआठ नावं, प्रत्येकापुढं पूर्ण पत्ता. बहुतेकांचा पत्ता 'ई' अक्षराच्या डिस्कवरचा. नव्या संगणकात 'ई' नावाची डिस्कच नव्हती. मुलाची जुनी बाहेरची डिस्क जोडलेली होती, पण ती 'एफ' म्हणून दिसत होती. विंडोजमध्ये बाहेरून जोडलेल्या डिस्कला जे अक्षर मोकळं असेल ते मिळतं. घर तेच, पण दारावरचा नंबर बदललेला. डिस्क मॅनेजमेंट नावाच्या सोयीत जाऊन मुलानं तिला पुन्हा 'ई' हे अक्षर दिलं. मॅकवर अक्षरांऐवजी डिस्कचं नाव पत्त्यात येतं, तिथं नाव बदललं तरी हीच गत होते.

तरीही यादी लालच. आता डिस्क होती, तिच्यातलं 'मामू' नावाचं फोल्डर नव्हतं. मी म्हटलं, फोल्डर सोड, एका थापेचं नाव घेऊन सगळी डिस्क शोध. मिनिटभरात सापडली. सामान हलवताना मुलानंच नीटनेटकेपणाच्या भरात फोल्डरचं नाव 'मामू ढोलकी' असं केलं होतं. सॉफ्टवेअरला माया-ममता नाही. एक शब्द वाढला की ते ओळख देत नाही. मुलानं 'जागा दाखवा' या बटणावरून त्याला नवं फोल्डर दाखवलं. शहाण्णव नावं एका दमात लाल यादीतून गेली.

उरली बारा. सगळी एकाच थापेची, डाव्या हाताच्या घुमाऱ्याची. ज्या थापेत अंगठी वाजते ती.

डिस्कवर शोधलं, नव्या संगणकात शोधलं, नाहीत. मुलाचा चेहरा उतरला. मी पुन्हा पत्ता वाचला. या बारांचा पत्ता 'ई'वरचा नव्हताच. तो होता 'सी' डिस्क, डेस्कटॉप. मुलगा म्हणाला, "अब्बा, 'सी' तर इथंही आहे." मी म्हटलं, "गांधी चौक मिरजेतही असतो आणि दुसऱ्या गावातही. हा 'सी' कुठल्या गावचा?" तेव्हा त्याला आठवलं. मुद्रणाच्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली होती. घुमारा तेवढा दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला होता आणि त्या फाइली घाईत जुन्या संगणकाच्या डेस्कटॉपवरच राहिल्या होत्या. त्यांना कुणी डिस्कवर हलवलंच नाही, कारण गाणं वाजत होतं. आणि तो संगणक आम्ही माझ्या बहिणीकडे, इचलकरंजीला, भाचीच्या अभ्यासासाठी देऊन टाकला होता.

फोन न करता दोघं निघालो. फोनवर 'पुसून टाकलं' हे ऐकायची माझी तयारी नव्हती. भाचीनं संगणक सुरू केला. डेस्कटॉप लख्ख स्वच्छ. माझ्या पोटात गोळा आला. भाची म्हणाली, "मामा, जुनं सगळं मी एका फोल्डरात टाकलंय." तिनं ते उघडलं. बारा फाइली ओळीनं होत्या. मी विचारलं, "पुसल्या कशा नाहीस?" ती म्हणाली, "एक वाजवून बघितली. एवढासा आवाज. कशाचा ते कळलं नाही, पण पुसवेना."

रात्री घरी येऊन मुलानं त्या बारा फाइली इतरांशेजारी ठेवल्या, जागा दाखवली, आणि मग सगळ्या एकशेआठ थापा गाण्याबरोबर एकाच फोल्डरात गोळा करून गाणं नव्यानं साठवलं. बटण दाबलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी घुमारा आला आणि त्याच्या पाठोपाठ बारीक 'टक्'. आतल्या खोलीतून माझी पत्नी बाहेर आली. "मामूंची अंगठी," एवढंच म्हणाली.

श्रोतेहो, तुमच्या घरातली मुलं अशी सॉफ्टवेअरं वापरत असतील, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. लाल चौकट आली की आधी काही पुसू नका, काही नव्यानं घालू नका. मूळ गाण्यावर लगेच 'सेव्ह'ही करू नका, हवं तर वेगळ्या नावानं प्रत ठेवा. पूर्ण पत्ता वाचा. डिस्क जोडलेली आहे का, तिचं अक्षर तेच आहे का, फोल्डरचं नाव बदललं आहे का, हे याच क्रमानं बघा. मग फाइलीच्या नावानं शोधा आणि सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवा.

कधी कधी पत्ता बरोबर असतो आणि घरात माणूस अर्धाच असतो. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या, म्हणजे फॅट-३२ च्या पेनड्राइव्हवर चार गीगाबाइटची किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. संग्रह त्यावरून आणला असेल तर नेमकी मोठी फाइल मागं राहते. म्हणून मूळ फोल्डर आणि नवं फोल्डर यांचं वजन ताडून पाहा. क्लाउडवर ठेवलेल्या फोल्डरात नाव दिसतं, पण फाइल प्रत्यक्षात तुमच्या संगणकात उतरलेली नसते. ती उतरवून घ्यावी लागते. नव्या मॅकवर बाहेरची डिस्क वाचायची परवानगी सॉफ्टवेअरला सेटिंगमध्ये द्यावी लागते. ती नसली तर फाइल समोर असूनही सापडत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. विकत घेतलेले आवाज पुन्हा डाउनलोड करता येतात. तुमच्या घरात, तुमच्या माणसानं दिलेले आवाज कुठल्याही कंपनीच्या कोठारात नसतात. त्यांच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. शिवाय तयार गाणं साध्या ध्वनिफाइलीच्या रूपातही काढून ठेवा, ढोलकी वेगळी, आवाज वेगळा. उद्या ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तरी गाणं वाजेल.

आमच्याकडे आता तशा तीन प्रती आहेत. एक मुलाच्या संगणकात, एक डिस्कवर, आणि एक पेनड्राइव्हवर, इचलकरंजीला भाचीच्या कपाटात. डिस्कवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: मामूंच्या थापा, एकशेआठ, मुद्रण २०१६. खाली आमचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)