नस शांत केली की गोळी सुटते का?

राळेगणसिद्धीला यादवबाबांच्या देवळापाशी एका शेतकऱ्याने मला गाठले. "डॉक्टरसाहेब, बीपीची नस जाळतात म्हणे. मग गोळ्या बंद ना?" खिशात एका दवाखान्याने दिलेला खर्चाचा कागद होता. त्यासाठी अर्धा एकर विकायची त्याची तयारी होती.

आता ही नस कुठली? मूत्रपिंडाच्या रोहिणीभोवती मज्जातंतूंचे जाळे असते. ते चेकाळले की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढतो. पाणी अडवून नाव कमावलेल्या गावात मला पाणी अडवण्याचे तोटे सांगावे लागले! जांघेतून बारीक नळी रोहिणीत नेतात आणि रेडिओलहरींच्या किंवा ध्वनिलहरींच्या उष्णतेने हे तंतू निकामी करतात.

२००९ साली या उपायाचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. २०१४ मध्ये अमेरिकेत ५३५ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींवर उपचाराचे नुसते नाटक केले होते. त्यांचाही दाब जवळजवळ तितकाच उतरला! पुढे साधने सुधारली, नव्या चाचण्यांत फरक दिसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे अशा दोन साधनांना मान्यता मिळाली. पण फायदा किती? सरासरी एका गोळीइतका. गोळ्या बहुतेकांना चालूच ठेवाव्या लागतात.

हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यावरचा उपचार वेगळा. तिथे फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांच्या तोंडाशी हृदयाचा स्नायू डागतात. रक्तदाबही असलेल्या अशा ३०२ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना दोन्ही उपचार दिले. वर्षभर त्रास न उलटलेले त्यांच्यात शंभरात ७२ निघाले, एकच उपचार झालेल्यांत ५६-५७. हे आशादायक आहे, पण रक्त पातळ करणारी गोळी मनाने सोडायची नाही. गुठळी मेंदूत गेली तर लकवा होतो.

शेतकऱ्याला मी गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. बीपीची गोळी तो डोके दुखेल त्या दिवशीच घेत होता. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी मात्र रोज, न चुकता! त्या गोळीनेही दाब वाढतो. जेवणात लोणचे, खारी मिरची होतीच.

वेदनाशामक बंद केली, बीपीची गोळी रोज सकाळी सुरू केली. दोन महिन्यांनी वरचा आकडा १८० वरून १४४ वर आला. अजून उतरायला हवा. अर्धा एकर शाबूत आहे. खर्चाचा कागद त्याने जपून ठेवलाय, आणि मीही फाड म्हटलेले नाही.