परांची, कायदा आणि मालकाची जबाबदारी
(बांधकाम कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परांचीवरून कामगार कोसळला की ठेकेदाराची उत्तरे ठरलेली असतात. कठडा नसेल तर तो म्हणतो, “सांभाळून काम करा, असे बजावले होते.” कठडा असेल तर म्हणतो, “नियम पाळला होता.” दोन्ही पळवाटाच आहेत.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात जबाबदारीचे दोन पदर होते. अपघात टळावेत यासाठी सतत व पुरेशी देखरेख ठेवण्याचे सर्वसाधारण दायित्व कलम ४४ ने मालकावर टाकले. परांचीसारख्या बाबींचे विशिष्ट नियम करण्याचा अधिकार कलम ४० ने सरकारला दिला; १९९८ चे केंद्रीय नियम त्यातूनच आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या श्रमसंहितेने घेतली. तिच्या कलम ६ नुसारही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य आहे.

विशिष्ट नियम ही किमान अट आहे, सुटकेचा दाखला नव्हे. फळ्या आणि कठडा नियमाबरहुकूम असूनही पावसाने खांबाखालची माती खचत असेल, तर सर्वसाधारण कर्तव्याचा भंग होतोच. उलट, तोंडी ताकीद ही कठड्याची जागा कधीही घेऊ शकत नाही.

म्हणून युनियनच्या कार्यकर्त्याने परांचीपाशी दोन प्रश्न विचारावेत: नियमातील प्रत्येक गोष्ट जागेवर आहे काय? आणि नियमात न लिहिलेला कोणता धोका समोर दिसतो आहे? हे प्रश्न कामापूर्वी, लेखी विचारले गेले पाहिजेत. पंचनाम्यात मृत कामगाराचा “निष्काळजीपणा” नोंदला जाण्याची वाट पाहता कामा नये.